चौतीस इंच समुद्र

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज माझ्यामुळे बेट गेलं.

'सात किनारे' या ऑनलाइन खेळात आमच्या दलाकडे एकच चांगलं बेट होतं. उन्हाळाभर राबून मिळवलेलं. मी उजव्या बाजूचा टेहळ्या. माझा मॉनिटर ऑफिसातून निवृत्त होताना मिळालेला, जवळजवळ चौकोनी. तो तिथेही कुणाला नको होता आणि मीही. शत्रूची जहाजं उजवीकडून आली. रुंद स्क्रीनवाल्यांना ती केव्हाच दिसली असती. मला दिसली तेव्हा ती माझ्या शिडाला धडकली होती.

आमचा प्रमुख खरवडदादा स्पीकरवरून ओरडला, "कणसा, गाढवा! उजव्या डोळ्यात माती गेलीय का तुझ्या? अख्खं आरमार आलं की रे!"

खेळातलं माझं नाव कणीस. मी टंकलं, "दादा, चुकलो. स्क्रीन पुरत नाही."

दलातली मोजा नावाची मुलगी खिदळली. "कणीसभाऊ, तो मॉनिटर आहे की डब्याचं झाकण? नवा घ्या ना आता. तो रुंदवाला, अल्ट्रावाइड."

मोजा कॉलेजात आहे, दादा अडतिशीचा, आणि मी त्यांच्यासाठी पस्तिशीचा. मी कधी बोलत नाही, फक्त टंकतो. माइक बिघडलाय असं सांगून ठेवलंय. माइक उत्तम आहे. आवाज मात्र साठीला टेकलेल्या माणसाचा आहे.

खोटं असं मी बोललो नव्हतो. दलात आलो त्या दिवशी दादाने रिवाजाप्रमाणे वय काढायला विचारलं, कुठल्या प्राण्याच्या वर्षाचा? मी खरं तेच सांगितलं, घोड्याच्या. तो सशाच्या वर्षाचा. त्याने मनात हिशोब केला आणि म्हणाला, "म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आजपासून मी दादा." घोड्याचं वर्ष दर बारा वर्षांनी येतं, आणि माझा घोडा त्याने धरलेल्या घोड्याच्या दोन फेरे आधीचा. एका ओळीत चूक सुधारता आली असती. मी लिहिलं, "हो दादा."

आई-बाबा गेले, थोरला भाऊ गेला. मला 'अरे' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि हा म्हणाला. आजही गाढव म्हणाला तेव्हा बेट गेल्याचं वाईट वाटत असतानाच मी हसत होतो. या वयात हे लिहायलासुद्धा लाज वाटते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सुन-यॉनला सांगितलं की मोठा मॉनिटर घ्यावा म्हणतो. ती शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच आली होती, पाय गरम पाण्यात सोडून बसली होती.

"कशाला?"

"अभ्यासाला. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला टिपणं."

निवृत्त झालेला प्रत्येक पुरुष करतो तेच मीही करतोय, म्हणजे घरं-जमिनी विकून देणाऱ्या दलालाच्या परवान्याची परीक्षा. पुस्तकं आणली आहेत. ऑनलाइन वर्गात नाव घातलं आहे. पहिला धडा मी पाहिलासुद्धा.

ती म्हणाली, "घ्या की मग. तुमच्या त्या वर्गात समुद्र फार असतो नाही? चांगला रुंद दिसेल."

मी म्हटलं, किनाऱ्यालगतच्या जमिनींचे कायदे वेगळे असतात. तिने मान डोलावली. बिचारीने लगेच विश्वास ठेवला. बहिणीला फोनवर सांगत होती, हे दिवसभर खोलीत बसून अभ्यास करतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

चॉन्गजूच्या मोठ्या दुकानात जाऊन आलो. दोन घराणी आहेत या मॉनिटरांची. एक चौतीस इंची, नेहमीच्या पडद्याला दोन्ही बाजूंनी थोडं ताणल्यासारखा. दुसरा एकोणपन्नास इंची, म्हणजे दोन मॉनिटर शेजारी शेजारी ठेवून मधली भिंत पाडली तर होईल तसा. दोघेही कडेला आत वळलेले, माणसाला कवेत घेतल्यासारखे.

एकोणपन्नाससमोर बसलो. डावीकडे बंदर, उजवीकडे वादळ, मध्ये मी. छाती भरून आली. मग मान दुखायला लागली. माझा चष्मा दोन नंबरांचा, वर लांबचं आणि खाली जवळचं दिसतं. नुसते डोळे फिरवून भागत नाही, कोपरा बघायला सबंध डोकं फिरवावं लागतं. घुबडासारखा इकडे तिकडे बघत होतो.

विक्रेती मुलगी आली. "साहेब, मुलासाठी बघताय का?"

"हो," मी म्हणालो. "मुलाला नाद आहे."

"काय करतात ते?"

"विमा कंपनीत आहे."

हे सगळं माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मलाच नवल वाटलं. मला मुलगा नाही. सो-दाम ही एकच मुलगी, ती बुसानला असते आणि दर रविवारी फोन करून मी जेवलो का विचारते. विक्रेतीने दोन माहितीपत्रकं दिली आणि म्हणाली, "नशीबवान आहेत साहेब तुमचे चिरंजीव. बाकीचे वडील शिव्या घालतात."

१८ ऑक्टोबर, शनिवार

सफरचंदांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोन्ही मापांचे मॉनिटर बनवले. एकोणपन्नास इंची पुठ्ठा टेबलाच्या दोन्ही कडांबाहेर गेला आणि खिडकीचं दार उघडेना. चौतीस इंची नीट बसला. त्याच्यासमोर बसून उजवीकडून जहाज येतंय अशी कल्पना करत होतो, तेवढ्यात सुन-यॉन चहा घेऊन आत आली. पुठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"चित्र स्पष्ट येतंय का?" म्हणाली आणि कप ठेवून गेली.

दलात संध्याकाळी हाच विषय. मोजाचं मत एकोणपन्नास. दादा म्हणाला, "त्याला ओढायला तुझं यंत्र तेवढं तगडं पाहिजे. जुनं ग्राफिक्स कार्ड लावशील तर समुद्र पुढे सरकणारच नाही, जागच्या जागी उचक्या देईल. आणि काही खेळ एवढी रुंदी मानतच नाहीत, दोन्हीकडे काळ्या पट्ट्या येतात. मग पैसे देऊन काळोख विकत घेतलास असं होईल. चौतीस घे."

मी विचारलं, "जास्त वळलेला चांगला की कमी? दोन नंबरांचा चष्मा असेल तर?"

"कुणाला आहे दोन नंबरांचा चष्मा?"

मी लिहिलं, "बाबांना. तेही कधीकधी बघतात."

"बाबा खेळ बघतात? तेच ना रे, तुझे कडक बाबा?"

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी मी दादाला त्यांच्याबद्दल खूप काही लिहिलं होतं. ते कसे गप्प असायचे, त्यांनी मला एकदाही शाबास म्हटलं नाही, वगैरे. सगळं खरं होतं. ते हयात नाहीत, एवढं सांगायचं सोडून.

२० ऑक्टोबर, सोमवार

दादा म्हणतो, तो स्वतः एकोणपन्नास घेतोय, तर त्याचा चौतीस मी घ्यावा. फार वापरलेला नाही, एकही ठिपका मेलेला नाही. पैशांचं बघू म्हणाला. तो जोचिवनच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो, हे मला माहीत होतं. तिथून आमचं घर गाडीने जवळच.

"बुधवारी माझी सुट्टी असते. मी आणून लावूनच देतो. इतकी वर्षं झाली, एकदा तुझं थोबाड तरी बघू दे."

नको म्हणण्याचे सगळे मार्ग करून पाहिले. कुरिअर म्हटलं, तर म्हणाला वाकडा काच-पडदा कुरिअरवाले सरळ करून देतील. मी येऊन नेतो म्हटलं, तर म्हणाला तुझ्याकडे गाडी कुठेय. शेवटी मी लिहिलं की बुधवारी मला ऑफिसातून सुटता येणार नाही. बाबा असतील घरी, त्यांच्याकडे दे.

पाठवल्यावर वाचलं, आणि मग कळलं की बुधवारी मला माझा बाप व्हायचं आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

घडलं ते लिहून टाकतो.

सुन-यॉन कामावर गेली होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. दादाचा निरोप आला, "पोहोचतोय." मी खेळातूनच उत्तर दिलं, "दादा, मी कामावर आहे. बाबा आहेत घरी." आणखी एक ओळ लिहायला घेतली, तेवढ्यात बेल वाजली.

दारात उंच, खांदे पाडून उभा असलेला माणूस. पिवळी टोपी काढून त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. "बाबा, मी नामगुंग ह्यॉक. तुमच्या मुलाचा मित्र." दोन्ही हातांनी पर्सिमन फळांची पेटी पुढे केली. मित्राच्या वडिलांकडे रिकाम्या हाती कोण जाईल? ज्याने मला परवाच गाढव म्हटलं होतं तो माझ्यासमोर मान वर करेना. खुर्ची दिली तर जमिनीवर गुडघे दुमडून बसला.

मी आवाज जड केला. "मुलगा सांगतो तुमच्याबद्दल."

"बाबा, मला एकेरी बोला, मी मुलासारखा." मग जरा थांबून म्हणाला, "एक बोलू? पायरी सोडून बोलतोय, रागावू नका. तो दिवसाढवळ्यासुद्धा खेळात असतो. मला वाटतं, त्याची नोकरी सुटली आहे. लाजेपोटी सांगत नसेल. आजही कामावर आहे म्हणाला. तुम्हाला कळलं तर त्याला टाकून बोलू नका."

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"माणूस फार चांगला आहे तो. माझी आई इस्पितळात होती तेव्हा रोज विचारायचा, दादा, जेवलास का. तिच्यासाठी पेज कशी करायची ते लिहून पाठवलं. तांदूळ किती भाजायचा, तिळाचं तेल कधी घालायचं. एवढ्या तरुण माणसाला हे कुठून ठाऊक, कोण जाणे. आईने शेवटी शेवटी तेवढंच खाल्लं." त्याने हातातली टोपी फिरवली. "तो म्हणतो, बाबांनी मला कधी शाबास म्हटलं नाही. एकदा म्हणा ना त्याला."

"म्हणेन."

"आत्ताच एकदा म्हणून बघा. आमच्याकडे शिकाऊ माणसाला आम्ही आधी उभ्या गाडीतच चाक फिरवायला लावतो. नंतर रस्त्यावर जड जात नाही."

चेष्टा नव्हती त्याच्या चेहऱ्यावर. आणि मी, साठीला टेकलेला यॉम ग्वांग-सिक, माझ्याच घरात बसून, माझ्याच बाबांसारखा आवाज काढून म्हणालो, "शाबास रे पोरा. चांगला आहेस तू."

मी ठसका लागल्यासारखं केलं. त्याने पटकन पाणी आणून दिलं, दोन्ही हातांनी.

मग आम्ही खोलीत गेलो. त्याने जुना चौकोन उचलून खाली ठेवला, चौतीस इंची टेबलावर चढवला, वायर जोडली. यंत्र झोपलेलं होतं ते जागं झालं आणि सगळा समुद्र एकदम उघडला. किती रुंद! कणीस डेकवर उभा, आणि खाली मी लिहायला घेतलेली अर्धवट ओळ तशीच होती, "दादा, पोहोचला असशील तर बाबांना जरा मोठ्याने". पुढे लुकलुकणारी कर्सरची काडी.

मी पुढे होऊन कळ दाबली, म्हटलं, "पोरं काय काय उघडं टाकून जातात." बहुधा त्याचं लक्षच नव्हतं, तो वायर गुंडाळत होता. खुर्चीवरची माझी कमरेची उशी त्याने बाजूला ठेवली, मग पुन्हा जागेवर ठेवली.

"चष्मा दोन नंबरांचा आहे ना?" त्याने खाली बघत विचारलं.

"हो."

त्याने पडद्याचा दांडा अगदी खाली उतरवला. "असा असला म्हणजे मान वर करावी लागत नाही." मग निघालाच. चहा अर्धा ठेवून, पैशांचा विषयसुद्धा न काढता. दारात इतका वाकला की टोपी पडली. कान लालबुंद झाले होते. बाहेर थंडी वाढली आहे.

वाचलो. पण एवढी लाज मी आयुष्यात कुठे लपवू?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मॉनिटर अप्रतिम आहे. दोन्ही किनारे एकाच वेळी दिसतात, आणि मान अजिबात दुखत नाही. दादाला सांगायचं होतं. दादा काल आला नाही, आजही नाही. मोजा म्हणाली, कामात असेल.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दादा नाही. नवा एकोणपन्नास लावण्यात गुंतला असावा. मी निरोप टाकला, "दादा, बाबांना तू फार आवडलास." त्याने तो वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज खेळ उघडला तर वर पाटी होती, खरवड यांनी दलाचं प्रमुखपद कणीस यांना दिलं. खाली मला एकट्याला लिहिलेला निरोप होता.

"आजवर अजाणता आपल्याशी जो उद्धटपणा घडला त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. मॉनिटरचे पैसे कृपया देऊ नयेत. मान दुखू लागल्यास पडदा आणखी थोडा खाली घ्यावा. तब्येतीची काळजी घ्यावी."

मी तो निरोप वाचत बसलो. अर्धवट ओळ. कमरेची उशी. लाल कान. थंडीने नव्हते ते.

त्याने मला तोंडावर खोटारडा म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्याने माफी मागितली. बापाच्या वयाच्या माणसाला तो गाढव म्हणत होता, डेक घासायला लावत होता, उशीर झाला तर कान उपटेन म्हणत होता. आणि त्या माणसाने हे सगळं त्याला करू दिलं, वर बाप बनून त्याच्याकडून नमस्कारही घेतला. लाज मला वाटायला हवी होती. ती मी त्याच्या गळ्यात घातली आणि तो बिचारा तोंड लपवून बसला.

मोजालाही कळलेलं दिसतं. ती लिहिते, "सर, आज कुठल्या बेटावर जायचं ते आपण सांगावं." मी मुद्दाम जहाज खडकावर घातलं. ती म्हणाली, "काही हरकत नाही सर, आज नेटच खराब आहे."

नेट चांगलं होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

चौतीस इंच भरून समुद्र आणि त्यावर एकही जहाज नाही. मी खेळ बंद करून परवान्याचं पुस्तक उघडलं. दुसऱ्या धड्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, ती सोडवत बसलो.

सुन-यॉन पर्सिमन सोलत होती. म्हणाली, "सो-दामचे बाबा, तो तुमच्या वर्गातला ओरडणारा मास्तर कुठे गेला?"

"कोण मास्तर?"

"तोच हो, गाढवा गाढवा करणारा. भिंतीतून सगळं ऐकू येतं. दहा दिवस झाले, आवाज नाही त्याचा." सुरी थांबली नाही. "तो शिव्या द्यायचा आणि तुम्ही इकडे हसायचात. नोकरी संपल्यापासून दुसरं काही ऐकून हसताना मी तुम्हाला पाहिलेलं नाही."

मी म्हटलं, "तुला सगळं माहीत होतं?"

"किनाऱ्यालगतच्या जमिनींचे कायदे?" ती म्हणाली. मग हसू आवरून, "मी बहिणीला काय सांगायचं ते सांगत होते. घरात बसलेल्या नवऱ्याबद्दल काहीतरी बरं सांगावं लागतंच ना."

मी तिला सगळं सांगितलं, बाप झालो तेसुद्धा. तिने सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता रडेल. पण तोंडावर हात धरून हसायला लागली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "त्या पोराच्या जिवाला काय वाटलं असेल? आईविना पोर. जा आणि माफी मागा."

"त्याच्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठा मी. जाऊन माफी मागू?"

"मोठे कुठे? त्याने तर तुम्हाला धाकटा म्हणून ठेवलं होतं."

तिने किमचीचा डबा भरून ठेवला आहे. दारापाशीच ठेवलाय, म्हणजे मी विसरलो म्हणायला नको.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बसने जोचिवनला गेलो. ड्रायव्हिंग स्कूलच्या कुंपणापाशी उभा राहिलो. आत एक म्हाताऱ्या बाई गाडी मागे घेता घेता रांगेतले सगळे शंकू पाडत होत्या. शेजारच्या सीटवरून पिवळी टोपी बाहेर आली. "काही हरकत नाही हं, फार छान. आता फक्त उलट्या बाजूला वळवूया." इतक्या मऊ आवाजात की मी ओळखलाच नाही आवाज. माझ्यावर ओरडणारा माणूस तो हाच?

तेवढ्यात ऑफिसच्या दारातून एक जाडजूड शिक्षक ओरडला, "ए ह्यॉक! कॉफी संपली! आणि ते शंकू उचल आधी!" "आणतो साहेब," म्हणत तो पळाला. तिथे सगळ्यांत धाकटा तोच आहे.

शंकू उचलता उचलता त्याला मी दिसलो. तो तसाच उभा राहिला, मग धावत आला आणि पार कमरेतून वाकला. "आपण कशाला आलात एवढ्या लांब? मीच येणार होतो माफी मागायला, धीर होत नव्हता. आई असती तर तिने मला उभा सोलला असता. मी आपल्याला... मी..."

"गाढव म्हणालास," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले.

मी डबा खाली ठेवला. बसमध्ये घोकून आलेलं भाषण आठवेना. म्हटलं, "खोटं मी बोललो. तू नाही. घोड्याचं वर्ष कुठलं, हे मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मला बरं वाटत होतं. बाप बनून तुझ्याकडून नमस्कार घेतला, ते तर फारच झालं. त्याची लाज वाटते, ह्यॉक. झोप लागत नाही एवढी वाटते."

तो टोपी चुरगाळत होता. "मलाही बरं वाटत होतं," तो हळूच म्हणाला. "घरी चार भावंडांत मी शेवटचा. इथे हे असं. दिवसभर हो साहेब, हो बाई, आणतो, उचलतो. मला दादा म्हणणारा जगात एकटा कणीस होता. त्या दिवशी तुमच्या खोलीत ती ओळ वाचली आणि... बाबा, माझा धाकटा भाऊ वारल्यासारखं झालं मला."

हे ऐकून मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. एवढा विचार मी केलाच नव्हता. माझं काय गेलं तेवढंच मी मोजत बसलो होतो.

ऑफिसच्या दारातून जाडजूड शिक्षक आणि आणखी दोघे बघत होते. म्हाताऱ्या बाई गाडीच्या खिडकीतून बघत होत्या. मी श्वास घेतला आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "दादा, भूक लागली."

त्याचे कान पेटल्यासारखे लाल झाले. "अहो, हळू! लोक बघतायत!"

"दादा, शेवया खाऊया ना. चल."

जाडजूड शिक्षकाच्या हातातली सिगारेट खाली पडली.

कोपऱ्यावर एक छोटं हॉटेल आहे, हाताने कापलेल्या शेवया शिंपल्यांच्या रश्शात देतात. बसल्याबरोबर मी टेबलावरच्या डब्यातून चमचे आणि जेवायच्या काड्या काढून त्याच्यापुढे मांडल्या, दोन्ही हातांनी त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. धाकट्याचं काम आहे ते. तो अर्धा उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. शेजारच्या टेबलावरची माणसं खायची थांबली. माझ्या कपाळाला घाम आला, पेल्याबाहेर पाणी सांडलं.

तो पेल्याकडे बघत राहिला. शेवटी अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाला, "सगळं टेबल भिजवलंस."

मी म्हटलं, "चुकलो दादा."

मग आम्ही जेवलो. तो त्याच्या आईबद्दल बोलला, मी माझ्या बाबांबद्दल, या वेळी ते गेलेत हे सांगून. मॉनिटर कसा आहे, त्याने विचारलं. मी सांगितलं की रिकामा आहे. तो रस्सा पीत राहिला.

जेवण झालं. बिल वयाने मोठा असेल त्याने द्यायचं असतं. तो उठून गल्ल्यापाशी गेला आणि तिथे पाठमोरा उभा राहिला. पाकीट हातात, पण उघडत नव्हता. माझा हात सवयीने कोटाच्या आतल्या खिशात गेला होता. आयुष्यभर माझ्याहून लहान माणसाला मी कधी पैसे देऊ दिले नाहीत. मी तो हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला.

गल्ल्यावरच्या बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे. "अहो आजोबा, पोराला द्यायला लावता? आणि तुम्ही आरामात बसलात? लाज नाही वाटत?"

"वाटते," मी म्हणालो. "फार वाटते. पण दादा आहे तो माझा."

ह्यॉकने पाकीट उघडलं.